हवालदार खंदारेंची मळकी गाडी

हवालदार खंदारेंना चकाकणाऱ्या वस्तूंचा मनापासून राग होता. कोणी नवी सायकल घेऊन शाळेच्या फाटकातून आत आलं की आम्ही मास्तरलोक भोवती गोळा व्हायचो, घंटी वाजवून बघायचो. खंदारे लांबून एकदाच बघत आणि म्हणत, "अजून चाललीच न्हाई ती." मी चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी माझ्या अंगात नवा कोरा टेरिलिनचा शर्ट होता. माझ्याकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं होतं.

ते शाळेचे शिपाई. पण त्यांना शिपाई कोणी म्हणत नसे, सगळे हवालदारच म्हणत. वर्गांच्या फरशा ते अशा पुसून घेत की अनवाणी पायाला कण लागू नये. कपडे दोनच जोड, पण रोज धुतलेले. मी एकदा त्यांना विचारलं की इतकी स्वच्छता ठेवता, मग चकाकीवर राग का? ते म्हणाले, "स्वच्छ येगळं, चकचकीत येगळं. चकचकीत म्हंजे काय झालं ते लपवून ठेवलंय."

आमची शाळा हिंगोलीची. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. खंदारे सैन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते आणि एकाहत्तरच्या लढाईनंतर वर्षभरात घरी आले होते. त्यांचं गाव कनेरगाव नाक्याजवळ. बायको कौसाबाई तिकडे शेत बघायच्या. हे सोमवार ते शनिवार शाळेमागच्या खोलीत राहत. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक ट्रंक, एक स्टोव्ह. खोलीला लागून मोडके बाक ठेवायची पत्र्याची शेड होती. शाळा सुटली की दिवस मावळेपर्यंत ते तिथं असत.

रुजू झाल्यावर महिनाभरानं मी रंगाचे डबे ठेवायला जागा शोधत त्या शेडमध्ये शिरलो. चार विटांवर साडेतीन फूट लांबीची एक लष्करी मोटार टेकवलेली होती. चाकं अजून नव्हती. पण दारं उघडत होती, आतल्या सीटवर किंतानाची खोळ होती, आणि मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची छोटी क्रेन होती. सगळा पत्रा दुष्काळात लोकांना वाटायच्या सुकडीसाठी आलेल्या तेलाच्या डब्यांचा. आतल्या बाजूनं डब्यावरची अक्षरं दिसत होती.

खंदारे उठून उभे राहिले. मी विचारण्याआधीच त्यांनी माप सांगितलं. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथं दोन इंच. नकाशा, फोटो काही नव्हतं. खरी गाडी त्यांनी सात वर्षं हाताळली होती, तिचा बोल्ट अन् बोल्ट उघडून बसवला होता. "बॉनेट माझ्या बरगडीला लागायचं," असं म्हणून ते बरगडीवर बोट ठेवत, जमिनीपासून तिथपर्यंत दोरी धरत, दोरीच्या घड्या घालत, आणि आलेलं माप पत्र्यावर उतरवत.

मी चित्रकलेचा पदविकाधारक. मला वाटलं, रंगाच्या बाबतीत तरी आपण यांना काही शिकवू. लष्करी हिरवा रंग करायचा तर हिरव्यात थोडा तपकिरी घालावा, असं मी सांगितलं.  त्यांनी एका वाटीत पिवळा रंग ओतला, त्यात काळा घातला आणि काडीनं ढवळत राहिले. माझ्यासमोर त्या दोन रंगांतून तो करडा, मळका हिरवा वर आला. हिरव्याचा थेंबही त्यात नव्हता.  तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथं जाऊ लागलो, आणि त्यांचं काम बघत बसू लागलो.

ही गाडी पाहायला जो येई तो एकच प्रश्न विचारी: तोफ कुठं आहे? गणिताच्या सरांनी विचारलं, बाजारातल्या हळदीच्या आडत्यानं विचारलं, एसटीच्या कंडक्टरनं विचारलं. खंदारे प्रत्येकाला सांगत की हा रणगाडा नव्हे, ही रिकव्हरीची गाडी. लढाईत ज्या गाड्या बंद पडतात, रुततात, जळतात, त्यांना ओढून माघारी आणणारी. ऐकणारा मान हलवी आणि जाताना म्हणे, "पण एक तोफ पाहिजे होती बघा." तो गेला की खंदारे हातातली कानस खाली ठेवत आणि थोडा वेळ कामच करत नसत. एकदा मला म्हणाले, "मारणाराचं समद्यांना ठावं असतं. ओढून आणणाराचं कोणी इचारत न्हाई." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. ते थकल्यासारखे दिसत होते.

चाकांनी त्यांना फार छळलं. खऱ्या टायरवर जाड खाचा असतात, तशा खाचा पाहिजेत म्हणून त्यांनी जुन्या चपलांचे रबरी तळवे गोळा केले आणि ब्लेडच्या पात्यानं एकेक खाच कापली. पहिला संच कापून झाल्यावर लक्षात आलं की खाचांचं तोंड उलटं पडलंय. दुसरा संच उन्हात वाकला. तिसरा नीट झाला, पण बसवल्यावर गाडी एका बाजूला कलली, कारण चपला वेगवेगळ्या जाडीच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी सहाही चाकं उपसली आणि एकामागून एक कुंपणाबाहेर भिरकावली. मग तसेच उभे राहिले. पाचेक मिनिटांनी फाटकातून बाहेर गेले, सहाही चाकं काटेरी झुडपांतून शोधून आणली, आणि खरवडलेल्या हातांनी पुन्हा मापायला बसले. मी मदतीला उठलो तर म्हणाले, "बसा सर. फेकली म्या."

गाडी उभी राहायला दीड वर्ष लागलं. रंग झाल्यावर मला वाटलं, संपलं. खंदारेंच्या हिशेबानं तिथून काम सुरू होत होतं. आता तिला मळवायची होती.

त्यांना पाहिजे होती राजस्थानच्या सीमेवरची धूळ, फिकट, पिठासारखी. आमच्याकडची माती काळी. कयाधू नदीची वाळू जाड. त्यांनी वीटभट्टीवरची राख आणली, चुन्याची भुकटी आणली, पांढऱ्या मातीची ढेकळं फोडून धोतराच्या फडक्यातून गाळली. योग्य रंग सापडला तर ती पत्र्यावर टिकेना. डिंकात कालवून लावली तर वाळल्यावर डिंक चमकायला लागला. धूळच चमकते आहे हे पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांची थट्टा केली. सगळं पुसून काढलं. पुन्हा सरसात कालवली, तिचे पोपडे निघाले. पुन्हा पुसलं. असे तीन महिने गेले. शेवटी स्टोव्हवर सांडलेल्या रॉकेलवर धूळ बसलेली त्यांना दिसली आणि त्यातून मार्ग सापडला. रॉकेलमध्ये धूळ कालवायची, कुंचल्यानं लावायची, रॉकेल उडून जातं आणि मागं नुसता मळ उरतो, बिनचमकीचा.

गंजासाठी ते लोखंडाचा कीस चिंचेच्या पाण्यात आणि मिठात भिजत घालत. सायलेन्सरच्या तोंडाशी कंदिलाची काजळी लावली. क्रेनच्या सांध्यांतून जुनं इंजिन-ऑईल काडीनं ओघळू दिलं. आणि हे सगळं वाटेल तिथं नाही. उजव्या दाराखालचं पायदान त्यांनी घासून पत्रा उघडा केला, कारण चालवणाऱ्याचा बूट रोज तिथं पडतो. डावं तेवढं घासलं नाही. मी म्हटलं, दोन्ही सारखी केली तर बरी दिसतील. ते म्हणाले, "डाव्या अंगाचा माणूस उडी मारून चढायचा. पाय ठेवत नव्हता. ह्या गाडीवर एक बी डाग फुकटचा न्हाई, सर."

डाव्या अंगाचा माणूस म्हणजे बलबीर. पंजाबचा होता. मागच्या रहाटावरचा तारेचा दोर सोडणं, रुतलेल्या गाडीला आकडा अडकवणं हे त्याचं काम. त्या तारेतच त्याच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती. रोज सकाळी निघताना तो धुळीनं भरलेल्या बॉनेटवर एकदा उजवा पंजा फिरवायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. म्हशीच्या पाठीवर आपण फिरवतो तसं असावं, असं खंदारे म्हणाले. लढाईच्या शेवटी शेवटी एका सकाळी त्यानं तसाच पंजा फिरवला, आणि दुपारी एका रुतलेल्या ट्रकला आकडा लावायला खाली उतरला, तिथं सुरुंग होता.

हे मला त्यांनी अशासाठी सांगितलं की बॉनेटवर तो पंजा काढायचा होता आणि त्यांची जाड बोटं इतकं बारीक काम करू शकत नव्हती. पंजा फार तर सव्वा इंचाचा. ह्या गाडीवर मला हात लावू दिला तो तेवढ्याच कामासाठी. मी बारीक कुंचला रॉकेलमध्ये बुडवून धूळ उचलत गेलो. ते मागं उभं राहून सांगत: तळहाताची टाच जरा दाबलेली, बोटं पुढं ओढलेली, चौथ्या बोटानंतर काही न्हाई. पाच वेळा पुसायला लावलं.  सहाव्या वेळी मी वळून पाहिलं तर ते शेडबाहेर जाऊन हातपाय धूत होते.

त्यानंतर आलेल्या जानेवारीत हेडसरांनी ठरवलं की सव्वीस तारखेच्या मिरवणुकीत शाळेतर्फे ही गाडी हातगाड्यावर ठेवून फिरवायची. तालुक्याचे अधिकारी येणार होते. हेडसर मनानं वाईट नव्हते. त्यांना खरोखर अभिमान वाटला होता. पण शेडमध्ये येऊन गाडी पाहिल्यावर ते म्हणाले, "अहो, ही तर भंगारातली वाटते. आपल्या जवानांची गाडी अशी मळकी दाखवायची? रंगवून घ्या चांगली." खंदारे ताठ उभे राहून म्हणाले, "न्हाई जमायचं, सर." हेडसरांना नकार ऐकायची सवय नव्हती. ते निघून गेले.

तेवीस तारखेला खंदारेंना निरोप आला की हट्टा गावी दिलेली त्यांची मुलगी आजारी आहे. ते रजा टाकून गेले. चोवीसला हेडसरांनी मला बोलावलं. टेबलावर हिरव्या ऑईलपेंटचा नवा डबा होता. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. कायम करण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून आहे हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्या कागदाचा त्यांनी उच्चारसुद्धा केला नाही.

मी म्हणालो की खंदारेंना विचारायला हवं. ते म्हणाले, "शाळेच्या शेडमध्ये, शाळेच्या डब्यांची गाडी. विचारायचं काय त्यात?" मी आणखी काय बोललो ते आता आठवत नाही. फारसं काही बोललो नसेन.

मी ती रंगवली. दीड दिवसात दोन हात दिले. पायदानाचा उघडा पत्रा, सायलेन्सरची काजळी, क्रेनवरचे ओघळ, सगळ्यावरून कुंचला फिरवला. बॉनेटवरचा पंजा मात्र मी सोडून दिला, त्याच्या भोवतीनं रंगवलं. संध्याकाळी हेडसर पाहायला आले, फार खूश झाले, आणि बोट दाखवून म्हणाले, "इथं थोडं राहिलंय." मी त्यांच्यासमोर कुंचला बुडवला आणि तेवढी जागा भरली. मग बांबूच्या नळीला चांदीचा कागद लावून एक तोफ केली, तीही वर बसवली.

सव्वीसच्या सकाळी खंदारे पहिल्या एसटीनं परत आले. मुलीला उतार पडला होता. हातगाडा मैदानात तयार होता. ते गाडीजवळ आले, एक चक्कर मारली, बॉनेटपाशी थांबले. मी जवळच उभा होतो. मला वाटलं, आता हे मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "किती हात दिले?"

मी म्हणालो, दोन.

"पहिला वाळू दिला व्हता?"

मी म्हणालो, पुरता नाही. वेळ नव्हता.

त्यांनी मान डोलावली आणि खोलीत जाऊन वर्दी घातली, कारण तसा हुकूम आधीच होता. मिरवणुकीत हातगाडा त्यांनीच ओढला. बाजारातून जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोफ पाहून सगळ्यांचं समाधान झालं. अधिकारी थांबले, त्यांनी पाठ थोपटली आणि तोफेबद्दल विचारलं. खंदारे अदबीनं म्हणाले, "तोफ ड्रॉइंगच्या सरांनी लावली, साब." त्यात खोच नव्हती. जे होतं ते त्यांनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी माझीही पाठ थोपटली.

पुढच्या महिन्यात माझा कागद सही होऊन आला.

खंदारेंनी रंग उतरवायचा प्रयत्न करून पाहिला. एका मडगार्डवर कॉस्टिक सोडा लावला. वरचा रंग निघाला, खालचाही निघाला आणि डब्याचा पांढरा पत्रा चमकायला लागला. त्यांनी फडकं खाली ठेवलं. मी त्या दिवशी धीर करून शेडमध्ये गेलो होतो. मी म्हणालो, "हवालदार, हेडसरांचा हुकूम होता. मी काय करणार होतो?"

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "व्हय. म्या बी धुतली व्हती."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की बलबीर गेल्यावर दोन दिवस ते एकटेच ती गाडी चालवत होते आणि समोर बॉनेटवर त्याचा पंजा तसाच होता. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला यायचे होते. गाड्या धुऊन काढायचा हुकूम आला. "पाणी कमी व्हतं तिकडं. तरी बादली भरून दिली मला. म्या बॉनेटपासूनच सुरुवात केली. आखरीला ठेवलं असतं तं हातून झालंच नसतं."

मी म्हणालो की मी पुन्हा काढून देतो. धूळ तुम्ही करा, पंजा मी हुबेहूब काढतो. ते माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच थोडं हसले.

"न्हाई, सर. तवा त्यो पंजा म्याच पुसला व्हता ते तुमाला ठाव नव्हतं, म्हणून जमलं. आता तुमी काढसाल तं ते चित्र हुईल."

यानंतर ते माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत. घंटा वेळेवर दिली, माझे खडू, कागद वेळेवर आणून दिले, आजारी पडलो तर माझ्या खोलीवर कण्या शिजवून आणल्या. एखादा माणूस आपल्यावर रागावलाच नाही तर त्याची माफी मागायलाही जागा उरत नाही. मी तीन वर्षं ती जागा शोधत होतो. मग वाशीमकडच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली आणि मी हिंगोली सोडली. त्याआधीच एका शनिवारी खंदारेंनी धान्याच्या ट्रकवर घालून गाडी आपल्या गावी नेली होती.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी काही कागदांसाठी हिंगोलीला येऊन परत चाललो होतो. रविवार होता. कनेरगाव नाक्यापाशी एसटीच्या इंजिनातून वाफ यायला लागली आणि ड्रायव्हरनं पाण्यासाठी गाडी थांबवली. मी पाय मोकळे करायला उतरलो. रस्त्याच्या कडेला, एका धाब्याच्या पलीकडे, एका घरासमोर दगडांच्या ओट्यावर ती मोटार उभी होती. तोफ काढून टाकलेली होती. शेजारी बाजेवर खंदारे बसले होते. कौसाबाई आत कुठं तरी भांडी घासत होत्या.

त्यांनी मला ओळखलं. उठले, बाज झटकून बसायला दिली, तब्येत विचारली, लेकराबाळांचं विचारलं. मग मी गाडीकडे पाहिलं. ते म्हणाले की आता आपण तिला काही करत नाही. कुंचला लावत नाही, धूळ चाळत नाही. रस्त्याला ठेवली आहे. दिवसभर ट्रक जातात, बैलगाड्या जातात, ऊन आहे, वारा आहे. त्यांना जे करायचं ते करू द्यावं.

आतून कौसाबाई म्हणाल्या, "चार वरसं झाली, घरी आले की तिथंच बसून राहतेत. म्या म्हणलं, तुमी बी मळसाल."

मी बोटानं बॉनेट पुसलं. वरची धूळ बोटाला आली आणि खालून माझा हिरवा रंग आरशासारखा वर आला.  खंदारे म्हणाले, "पाऊस आला की पुन्यांदा चकाकते. ऑईलपेंट लई भारी मारला व्हता सर तुमी."

कंडक्टरनं घंटी दिली. मी धावत जाऊन मागच्या सीटवर बसलो. एसटी झटका देऊन निघाली आणि मागं धुळीचा मोठा लोट उठला. मागच्या काचेतून मला दिसलं, कौसाबाई पदर तोंडावर ओढून आत वळल्या. खंदारे ओट्याशेजारी उभे होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते आणि तोंडावर हातही धरला नव्हता. लोट त्यांच्या अंगावर आला, गाडीवर आला, आणि मग मला दोघंही दिसेनासे झाले.